वाइमोआच्या वळणावर टाकलेली दरड

मंगळवार, १० जून

ऑफिसच्या नोंदीत आज लिहिलं : 'वाइमोआ ओढा, पुलाखालचं पाणी मध्यम गढूळ.' ऑफिसच्या नोंदीत तेवढंच लिहायचं असतं. उद्या कुणी कोर्टात नेलं तर वाचून दाखवता आलं पाहिजे. बाकीचं लिहायला ही वही.

पाणी मध्यम गढूळ नव्हतं. सिमेंटची घमेली धुतल्यावर गटारात वाहतं, तसं होतं. चार-सहा दगड उलटे करून पाहिले. एरवी दगडाखाली नुसती वळवळ असते, आज एक किडा नाही. निळसर करडा चिखल, ओल्या साबणासारखा बुळबुळीत. नखांत शिरलेला अजून निघालेला नाही.

एप्रिलच्या वादळात ओटुरा खोऱ्याच्या रस्त्यावर अख्खा डोंगर खाली आला. तेव्हापासून तिथली माणसं जंगलातल्या कच्च्या वाटेने, हाडं खिळखिळी करून घेत शहरात येतात. रस्ता व्हायला हवा, यात वादच नाही. पण आमच्या कौन्सिलची, म्हणजे इथल्या स्थानिक सरकारची, गंमत अशी, की रस्तेही आमचे आणि नद्याही आमच्या. वरच्या मजल्यावर आम्ही परवाने देतो, खालच्या मजल्यावरचं रस्ते खातं ते घेतं. हा परवाना मीच लिहिलाय. दरडीची माती लांबच्या जुन्या खाणीत न्यायची, ओढ्यात पाटीभरसुद्धा टाकायची नाही.

खाली जाऊन डॅरिलला विचारलं. तो रस्ते खात्याचा प्रमुख. मांस भरलेली पेस्ट्री खात होता, रस्सा हनुवटीवरून ओघळत होता.

"माती जाते कुठे, डॅरिल?"

"खाणीत. अजून कुठे?"

"ओढा निळा झालाय."

"पाऊस पडतोय, ग्लेनिस. डोंगर आहे, वाहणारच." आणि हनुवटी मनगटाने पुसून म्हणतो, "तुला एक पेस्ट्री आणून देऊ का? उपाशी दिसतेयस."

पुसलेलं मनगट त्याने माझ्या फाइलवर टेकवलं. मी फाइल ओढून घेतली.

घरी आले तर धुण्याच्या खोलीत सेल्विनचे बूट. माझा धाकटा भाऊ. बायकोने घराबाहेर काढल्यापासून माझ्या मागच्या खोलीत राहतो. हल्ली उत्तरेकडच्या हायवेवर डंपर चालवतोय, खडी वाहून नेतोय, असं म्हणतो. फरशीभर करडा लगदा, बेसिनसुद्धा निळं पडलेलं. पन्नाशी उलटली तरी बूट बाहेर काढायची अक्कल नाही.

"खडीच्या कामावर एवढा चिखल कुठून आणतोस रे?"

"काम आहे ग्लेन, घाण होणारच," म्हणाला आणि स्वतःच फडकं घेऊन पुसायला बसला. वर पाहिलंसुद्धा नाही. दिवसभर चिखल तुडवून यायचं आणि घरीही चिखलच, वीट आलाय मला.

गुरुवार, १२ जून

ॲलिस्टरशी बोलले. साहेब म्हणून तो वाईट नाही. दार लावून घेतलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"तुझं बरोबर आहे," म्हणाला. "पण घाई नको. पुरावा असा हवा की कुणाला बोट ठेवता येऊ नये. आणि ग्लेनिस, तुझी रजा किती साठलीये! कधी घेतेयस?"

एवढ्या सगळ्या गडबडीत माझ्या रजेची काळजी करणारा हा एकच माणूस. बरं वाटलं.

शनिवार, २१ जून

हुहाना मावशींचा फोन आला म्हणून सुट्टीच्या दिवशी जंगलवाटेने ओटुराला गेले. सगळं खोरंच त्यांना मावशी म्हणतं. सत्तरीच्या आहेत. मूत्रपिंडं गेली आहेत, आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला याच वाटेने शहरातल्या हॉस्पिटलात जातात. येताना दोनदा तरी गाडी थांबवून ओकतात, असं त्यांचा पुतण्या सांगत होता.

त्यांनी मला थेट ओढ्यावर नेलं. वामी, ते सापासारखे लांबडे मासे, काठावर आल्या होत्या. एकेक हातभर लांब, कल्ल्यांत निळी माती भरलेली, तोंडांची उघडझाप करत होत्या. काही मेलेल्या. वास असा की मी स्कार्फ नाकाला लावला.

"नाक कशाला झाकतेस?" मावशी म्हणाल्या. "तुझ्याच कौन्सिलची माती आहे."

"मी थांबवायचा प्रयत्न करतेय, मावशी."

"ते करतात ते कौन्सिल, तू थांबवतेस तेही कौन्सिल. वामींना कसं कळणार, कोणतं कुठलं?"

रस्त्याचं काम काही दिवस बंद पडलं तर तुमचे हाल होतील, असं मी म्हटलं. त्यावर त्या भडकल्याच. "रस्ता मला सगळ्यांत जास्त हवाय. ओढाही हवाय. दोहोंतलं एक घ्या, असं आम्ही कधी म्हटलं? तो सौदा तुमच्याच इमारतीत कुणीतरी केलाय."

निघताना ओढ्याच्या पाण्यात उगवणाऱ्या हिरव्या पाल्याची भाजी आणि डुकराच्या हाडांचं कालवण वाढलं. ती भाजी दरडीच्या वरच्या अंगाची, तिथे अजून स्वच्छ आहे, हे मुद्दाम सांगितलं. मला शरम वाटली. खाल्लं मात्र सगळं.

मंगळवार, २४ जून

आज जेवताना सेल्विनने मध्येच विचारलं, "समजा एखाद्याने ओढ्यात माती टाकली, तर धरतात कुणाला? डंपर चालवणाऱ्याला?"

माझ्या कामाबद्दल त्याने आजवर एक प्रश्न विचारला असेल तर शपथ. मला उलट बरंच वाटलं. सविस्तर सांगितलं : टाकणाराही दोषी, टाकायला लावणाराही दोषी. कायदा दोघांनाही धरतो.

"आणि त्याला वरून हुकूम असेल तर?"

"म्हणून काय झालं? डोळे फुटले होते का त्याचे? अशा माणसाला मी तर आधी आत टाकेन. पैशासाठी काय वाटेल ते करतात हे डंपरवाले."

"बरोबर आहे," तो म्हणाला. बटाटे तसेच ठेवून उठला. वाया गेले. हल्ली अन्न टाकायची खोडही लागलीये त्याला.

गुरुवार, ३ जुलै

कुठून लिहू?

सकाळी कुणालाही न सांगता गेले. गाडी पुलाअलीकडे ठेवली, शेळ्यांच्या वाटेने वर चढून वाइमोआच्या वळणासमोर झाडीत बसले. कॅमेरा तयार होता. तासाभरात डंपर आला. खाणीच्या फाट्याला वळलाच नाही, सरळ काठावर आला, मागे सरकला, हौदा उचलला. सगळी माती सळसळत ओढ्यात. पाणी आधी फुगलं, मग दुसऱ्या काठाला चढलं. मी चित्रण करत होते, मनातल्या मनात ओरडत होते : सापडलास, हरामखोरा, सापडलास!

हौद्याची फळी अडकली म्हणून चालक खाली उतरला. चालण्यावरूनच ओळखलं. लहानपणी गुडघा मोडला तेव्हापासून डावा पाय ओढतो.

मी खाली उतरले. म्हणजे घसरत गेले, पार कमरेपर्यंत चिखल. तो तसाच उभा राहिला, पळालाबिळाला नाही.

"हायवेवर खडी वाहतोस ना तू?"

"पहिले काही आठवडे वाहत होतो."

"कुणी सांगितलं इथे टाकायला?"

"डॅरिलने. सकाळी सगळ्या चालकांना उभं करून. म्हणाला, खाणीपर्यंत फेऱ्या मारत बसलो तर निवडणुकीआधी रस्ता उघडणार नाही. ओढ्याचं आम्ही बघून घेऊ, वरच्या मजल्याला सांगून ठेवलंय." थोडं थांबून म्हणाला, "मला वाटलं, वरचा मजला म्हणजे तू. वाटलं, तुला माहीत असेल. मग त्या दिवशी जेवताना कळलं, नाहीये."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तू मला आत टाकणार होतीस, ग्लेन."

त्याच्या बुटांवर तीच निळी माती. महिनाभर मी ती माझ्या फरशीवरून पुसतेय. कुठल्या डोंगराची माती कोणती, हे बोटावर घेऊन सांगते म्हणून ऑफिसात माझा केवढा तोरा. माझीच मला शिसारी आली. त्याचीही आली. डंपर तिथेच सोडून दोघंही माझ्या गाडीतून घरी आलो.

शुक्रवार, ४ जुलै

ॲलिस्टरला सगळं सांगितलं. चित्रण दाखवलं. चालक माझा भाऊ आहे, हेही मीच सांगितलं. लपवणं शक्यच नव्हतं आणि लपवायचंही नव्हतं.

त्याने चित्रण दोनदा पाहिलं. मग त्याने माझा खांदा थोपटला. "किती अवघड गेलं असेल तुला. हा प्रामाणिकपणा मी विसरणार नाही." नात्याचा प्रश्न असल्यामुळे प्रकरण आता माझ्या हातून काढावं लागेल म्हणाला. नियमच आहे. "आता तरी ती रजा घे."

डॅरिलने चालकांना काय सांगितलं होतं, तेही सांगितलं. ॲलिस्टरने मान हलवली, लिहून मात्र काही घेतलं नाही. तोही हादरला असणार. रजा घेतली.

मंगळवार, १५ जुलै

रजेवरून परतले. नोटीस निघालीये. पण कौन्सिलला नाही, सेल्विन ज्याचा डंपर चालवायचा त्या कंत्राटदाराला नाही. सेल्विनला. 'चालकाने गैरसमजातून चुकीच्या ठिकाणी माती टाकली.' दंड त्याला, कामावरून काढलंही त्यालाच. माझं चित्रण, माझे पाण्याचे नमुने, सगळं बाद. कारण काय, तर ते 'आरोपीच्या बहिणीने' गोळा केलं!

ॲलिस्टरच्या खोलीत दार न वाजवता शिरले.

"भावाला वाचवायला मी हे नमुने फिरवले असतील, असं म्हणायचंय तुला?"

"मी नाही म्हणत. कंत्राटदाराचा वकील म्हणेल."

"नमुने तर त्याच्या विरोधात जातात!"

"शांत हो, ग्लेनिस. चहा घेतेस?"

मी त्या चहाकडे पाहिलं. वरच्या मजल्याला सांगून ठेवलंय, असं डॅरिल म्हणाला होता. वरच्या मजल्यावर दारं लागणाऱ्या खोल्या दोनच. एक माझी. हे कळायला मला जून आणि अर्धा जुलै लागावा! काळजीने रजा विचारायचा म्हणे. मला दूर ठेवायचं होतं त्याला. आणि मला बावळटासारखं भरून येत होतं.

प्यायले नाही चहा. निघताना सांडलाही. मुद्दाम नाही, पण वाईटही वाटलं नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

यांच्या निर्लज्जपणाला तळ आहे की नाही! आज पेपरात जाहीर सूचना : वळणावरची माती आहे तिथेच ठेवायला कौन्सिल परवानगी मागतेय. स्वतःकडेच. 'भरावाची कायमस्वरूपी जागा, वर गवत आणि दोन बाकं.' मेलेल्या वामींवर बाकं! बाहेरचा तटस्थ अधिकारी बोलावून सुनावणी घेणार, हरकती कुणीही नोंदवाव्यात. कुणीही म्हणजे कौन्सिलचे नोकर सोडून. आम्हाला वेगळी समज आलीय : कौन्सिलच्या अर्जाविरुद्ध जाहीर बोलल्यास शिस्तभंग.

सेल्विन फळबागांत छाटणी करतोय, मिळेल तशी. बूट आता बाहेर काढतो, तेही धुऊन. ते पाहून मला जास्त त्रास होतो.

"सुनावणीत तू बोलशील?" मी विचारलं.

"मी? मला कोण विचारतंय? दंड भरलेला माणूस मी."

"म्हणूनच."

"तू बोलणार आहेस का?"

मी भांडी घासत राहिले.

बुधवार, १७ सप्टेंबर

उद्या सुनावणी. आज दुपारी ओळखपत्र आणि गाडीच्या किल्ल्या ॲलिस्टरच्या टेबलावर ठेवल्या.

"निवृत्ती हाताशी आलीय, ग्लेनिस. एका ओढ्यासाठी?"

मोठं काहीतरी बोलायचं मी वाटेत ठरवलं होतं. ऐनवेळी तोंडातून निघालं ते एवढंच : "तुझ्या खोलीत फार कोंदट होतं." मागे कुणी हाक मारली नाही. गाडी त्यांचीच असल्याने बसने घरी आले. भीतीच वाटली, दुसरं काही नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

सुनावणी ओटुराच्या मराएवर, मावशींच्या लोकांच्या सभागृहात झाली. हा हट्ट मावशींचाच : "आमचा ओढा बुजवायचा तर आमच्या घरात येऊन सांगा." कच्च्या वाटेने यावं लागल्याने डॅरिल आणि ॲलिस्टर दोघांचेही चेहरे पिवळे पडले होते. पाहून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

डॅरिल पाऊण तास बोलला. माती पडलीच आहे, ती काढायला गेलं तर ओढ्याला उलट जास्त इजा होईल. इजा कुणी केली, याबद्दल अवाक्षर नाही. मग मी बोलले. भराभर बोलले. नमुने बाद झाले असले तरी डोळे बाद झालेले नाहीत, पाहिलं ते सांगते, म्हटलं.

मग सेल्विन उठला. उसना कोट, बाह्या आखूड. हा आता अडखळणार, माझं होतं नव्हतं तेही घालवणार, अशी मला धाकधूक.

"गैरसमज झाला नव्हता," तो म्हणाला. "मला साध्या सरळ शब्दांत सांगितलं होतं, वळणावर टाक. मी टाकली. एकदा नाही, रोज. मासे मरताना दिसत होते. मी काच वर करून घ्यायचो, वास येऊ नये म्हणून."

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "सांगितलं कुणी?"

"ते तिकडे बसलेत ते."

डॅरिल हसला. "नोकरी गेलेला माणूस आहे, राग असणारच. साक्षीला दुसरं कोणी आहे का?"

मागच्या रांगेत कामाची पिवळी जॅकेटं घातलेले काहीजण बसले होते. मला वाटलं होतं, डॅरिलनेच टाळ्या वाजवायला आणलेत. त्यांच्यातला एक दाढीवाला उठला. "मलाही हेच सांगितलं होतं." खाली बसला. मग दुसरा उठला, "मलाही." तिसरा नुसताच उठून उभा राहिला, बोलला नाही, पण बसेचना. हे सगळे अजून त्याच कंत्राटदाराकडे नोकरीला आहेत. पैशासाठी काय वाटेल ते करतात हे डंपरवाले, असं मीच म्हणाले होते ना?

ॲलिस्टर कागद नीट रचत होता. खाली वाकून, परत परत, तेच कागद.

बाहेर आल्यावर सेल्विन भिंतीमागे जाऊन ओकला. मी पाठ चोळत उभी राहिले.

"कोट खराब झाला का गं?" त्याने विचारलं.

"नाही."

झाला होता.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

निकाल लागला. परवानगी नाकारली. सगळी माती काढून खाणीत न्यायची आणि वळण पूर्वी होतं तसं करायचं. सेल्विनचा दंड रद्द होईल असं वकील म्हणतो, नोकरीचं काही सांगता येत नाही.

मावशींच्या घरी सगळ्यांनी तळलेली पोळी आणि व्हाइटबेट या बारीक मासळीची धिरडी खाल्ली. मासळी दुसऱ्या नदीची, आपल्या ओढ्यात यंदा आलीच नाही. मी खूश होऊन बसले होते, इतक्यात पुतण्याने बातमी आणली. माती काढायचं कंत्राट त्याच कंत्राटदाराला मिळालंय. टाकायचे पैसे घेतले, आता काढायचेही घेणार. डॅरिलवर काय कारवाई? त्याला 'विशेष प्रकल्प' म्हणून नवीन खातं दिलंय, त्यात पहिला प्रकल्प हाच. ॲलिस्टर आहे तिथेच आहे.

धिरडं तोंडात फिरायला लागलं. मी बाहेर येऊन बसले. मावशी काठी टेकत आल्या.

"माती निघणार ना?"

"निघणार. पण कोण काढतंय ते पाहा तरी!"

"कोण का काढेना. माझा ओढा आहे, त्यांचे हात आहेत." थोड्या वेळाने म्हणाल्या, "किळस मलाही येते, पोरी. पण तिच्यावर पोट भरत नाही. आत चल, गार होतंय."

शनिवार, २५ ऑक्टोबर

सोमवारी पोकलेन ओढ्यात उतरणार. त्याआधी भरावाखालच्या डोहात अडकलेल्या वामी पकडून वर स्वच्छ पाण्यात सोडायच्या होत्या. सकाळी सगळं खोरं जमलं. जाळी, पिंजरे, बादल्या. नवा रस्ता एकेरी का होईना उघडलाय, मावशी काल पहिल्यांदा न ओकता हॉस्पिटलात जाऊन आल्या. आज काठावर खुर्ची टाकून हुकूम सोडत होत्या. सेल्विन छातीएवढ्या पाण्यात. मी बादल्या भरत होते. वामीचा चिकट बुळबुळीतपणा कोपरापर्यंत चढला होता. नदीखात्यात जन्म गेला, पण वाम मला कधी हातात धरवत नव्हती. आज धरली. आवडली असं नाही.

दहाच्या सुमाराला कौन्सिलची पांढरी गाडी आली. डॅरिल. कोरे करकरीत बूट, फोटो काढायला एक मुलगी बरोबर. हात पुढे करून थेट माझ्याकडे.

"शेवटी सगळं चांगलंच झालं ना, ग्लेनिस!"

माझ्या तोंडात शिवी तयार होती. चांगली लांबलचक होती. पाण्यात सेल्विन थांबला होता, काठावरचे सगळे थांबले होते.

तेवढ्यात मावशी ओरडल्या, "ए, तुला हात आहेत ना? मग उभा काय राहिलायस? बादली उचल! पाण्याबाहेर फार वेळ टिकत नाहीत त्या."

डॅरिलने आजूबाजूला पाहिलं. फोटोवाली मुलगी त्याच्याकडे पाहत होती. त्याने बादली उचलली. चढावर निळ्या चिखलात पाय सरकला, गुडघ्यांवर आपटला, पाणी अंगावर सांडलं, एक वाम उसळून त्याच्या बाहीत शिरली. पोरं खिदळली. मावशी हसल्या नाहीत. "सांभाळून," एवढंच म्हणाल्या, आणि ते त्याला नव्हतं, वामीला होतं. त्याने ती बाहीतून काढली, बादलीत ठेवली आणि वर घेऊन गेला.

आता गाडीत बसून निघून जाईल, असं मी धरून चालले होते. तो परत आला. रिकामी बादली घेऊन माझ्यासमोर उभा राहिला, चिखलाने माखलेला, धापा टाकत.

मला त्याच्याविषयी काही बरं वाटलं नाही. आताही वाटत नाही. किळस जशीच्या तशी आहे, अंगाला येणाऱ्या या वासासारखी. दोनदा अंघोळ करूनही गेलेली नाही.

पण डोहात अजून पुष्कळ वामी होत्या. मी त्याची बादली घेतली, भरली आणि त्याच्या हातात दिली.